दोन पट्ट्या आणि एक कोपरा

"बाकी काय वाटेल ते कर, पण सासूला कधी काही शिकवायला जाऊ नकोस."

लग्नाच्या आठवडाभर आधी माझी बॅग भरता भरता आईने हे सांगितलं होतं. मी तेव्हा चपलांचा चौथा जोड कुठे कोंबावा या विवंचनेत होते. "हो गं," म्हटलं आणि जोड कोंबला. आईचे बाकीचे सल्ले मी तंतोतंत पाळते. दूध तापेपर्यंत गॅसपासून हलत नाही. नवऱ्याच्या मित्रांसमोर नवऱ्याला चुकीचं ठरवत नाही. मुलीचा ताप हाताने ठरवत नाही, थर्मामीटर लावते, आणि तोही दोनदा. हा एकच सल्ला मी सोडला.

त्याचं फळ असं, की आत्ता सकाळी सव्वाअकरा वाजता मी एका शाळेच्या फाटकाबाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर बसले आहे. फाटकावर पाटी आहे : "पालकांनी आत येऊ नये." ती पाटी माझ्यासाठी आहे. आत, खोली क्रमांक सातमध्ये, माझा पाल्य दहावीचा बीजगणिताचा पेपर देतो आहे. पाल्याचं वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे दुखरे, आणि नातं म्हणाल तर सासू.

म्हणजे खरं नातं. कागदावरचं वेगळं आहे. ते येईलच ओघात.

सुरुवात अगदी साधी होती. सासूबाई तीस वर्षं घरी कपडे शिवतात. आमच्या गल्लीत ज्यांचे खांदे वाकडे आहेत, त्यांचे खांदे वाकडे आहेत हे सासूबाईंच्या शिलाईमुळे कुणाला कळत नाही. मागच्या वर्षी शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका आपला कोट नीट करायला आल्या, त्यांनी कॉलर उलटी करून आतली शिलाई पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे शिकवायला या." सासूबाई दोन दिवस घरात गुणगुणत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं, की शिक्षिका दहावी पास लागते.

सासूबाई बाहेरून दहावीला बसल्या. भाषा सुटली, इतिहास सुटला, विज्ञान तर चांगल्या मार्कांनी सुटलं. बीजगणित राहिलं. पासाला पस्तीस लागतात, पडले अकरा मार्क. त्यातले तीन सुवाच्य अक्षराचे असावेत, असा माझ्या नवऱ्याचा अंदाज. मुख्याध्यापिका चांगल्या, त्या म्हणाल्या, "फेरपरीक्षेच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवते. पुढे मात्र माझ्या हातात नाही."

"आई, सोड ना," नवरा म्हणाला. "तुला काय कमी आहे?"

"मला काय कमी आहे ते मार्कलिस्टात लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "चोवीस."

आणि इथे, मुलीच्या तोंडाला लागलेला घास पुसता पुसता, मी ते वाक्य बोलले : "त्यात काय एवढं? मी शिकवते की!"

मी बी.एस्सी. आहे. गणित विषय, पहिला वर्ग. हे मी सहसा सांगत नाही, पण सांगायची वेळ आली तर ती टाळतही नाही.

शेजारचे ओव्हरसियरकाका त्याच संध्याकाळी आले. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ आहे, की आमच्याकडे निर्णय झाला की त्यांच्याकडे त्यावर मत तयार असतं. "सूनबाई, अनुभवाचं सांगतो," काका म्हणाले. "अवयवांचा धडा सरळ ऑप्शनला टाका. घातांकही टाका. मी उभं आयुष्य रस्ते बांधले, एकदाही क्ष लागला नाही."

"ते रस्त्यांवरून कळतंच," आतून सासूबाईंचा आवाज आला.

दुपारी दोन ते तीन, जेवणाच्या टेबलावर, असा वर्ग ठरला. हल्लीच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती नाकारली. त्यांच्या वेळी अ, ब आणि क्ष होते आणि भांडण त्यांच्याशीच मिटवायचं होतं. मीही मानलं. वहीवर मथळा घातला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आई, क्ष हा चल आहे."

माझी चार वर्षांची मुलगी कोपऱ्यात खेळत होती. ती उठली, बूट घालून दारात जाऊन उभी राहिली. "कुठे जायचं?"

तिला बसवलं. "चल म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते." मुलगी पुन्हा बूट घालून दारात. त्या महिन्यात आमच्या घरात सर्वांत जास्त तयारी झाली असेल तर तिची.

"म्हणजे गिऱ्हाइकाचं माप," सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची."

"आई, बीजगणितात गिऱ्हाईक नसतं," मी म्हटलं. पुढे जे झालं, त्यातलं निम्मं मी हे वाक्य गिळलं असतं तर टळलं असतं. पण तेव्हा मी शिक्षिका होते, आणि शिक्षिकेला गिळणं माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी घातांक. क्ष अधिक क्ष बरोबर २क्ष. क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष². सासूबाईंनी चष्मा काढला. "दोघं तेच. एकदा म्हणे दुप्पट होतात, एकदा म्हणे छोटासा दोन होऊन डोक्यावर चढून बसतात. यांचं एकदा काय ते ठरू दे, मग मी लिहिते."

"ठरलेलंच आहे. नियम आहे तो."

"कुणी केला?"

आता हे मला बी.एस्सी.ला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, वेळ जातोय." ज्याला उत्तर येत नाही त्याच्या घड्याळाला नेहमीच घाई असते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ३क्ष² आणि २क्ष यांची बेरीज ५क्ष³ अशी केली. सगळं गोळा करून गाठोडं बांधलं होतं. मी लाल पेनाने गोल केला आणि म्हटलं, "ही सरूप पदं नाहीत." त्यांनी गोलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून मशीनवर जाऊन बसल्या. तासभर नुसती मशीनची खडखड. त्यांना बोलायचं नसलं की त्या मशीन चालवतात. त्या दिवशी मशीनमध्ये कापड नव्हतं, हे मला फार उशिरा दिसलं.

पण खरी ठिणगी पडली ती (अ + ब)² वर. त्यांनी लिहिलं : अ² + ब².

"आणि मधले दोन अब?" मी विचारलं.

"ते कोण?"

"सूत्रात असतात ते. अ-वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब-वर्ग."

"वर्ग दोघांचा करायचा होता. दोघं आले. हे अब कुठले आगंतुक? बोलावलं कुणी त्यांना?"

"आई, पाठ करा ना! एवढी एक ओळ!"

"ज्याची ओळख नाही त्याला मी घरात घेत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि वही मिटली.

मग मी जरा ओरडले. जरा म्हणजे भिंत पातळ आहे एवढंच सांगते. "सतरा वेळा सांगितलं! दोन अब! दोन अब!" ओव्हरसियरकाका दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "त्या दोन अबांचं मिटलं का?" त्यांना तो कुणी देणेकरी वाटत होता की पाहुणा, मी विचारलं नाही.

अवयवांचा धडा आला तेव्हा मी सरावावर भर दिला. रोज दहा. "आई, अजून पाडा. सवय झाली पाहिजे," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. माझ्या मुलीने मात्र ती ठेवली होती.

सोमवारी बालवाडीतून फोन आला. मोठ्या बाईंनी ताबडतोब बोलावलंय. मी जिना उतरेपर्यंत मनात गोवर, कांजिण्या, पडून फुटलेली हनुवटी आणि एक अपहरण, असं सगळं आणून झालं. पोहोचले तर मुलगी मजेत रंगकाम करतेय आणि मोठ्या बाई पांढऱ्या फटक.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज आम्ही मुलांना विचारलं, घरात कोण काय करतं. तुमची मुलगी म्हणाली," त्यांनी समोरचा कागद उचलला, त्यांनी लिहून घेतलं होतं, "'माझी आजी रोज दुपारी अवयव पाडते. आई म्हणते अजून पाडा. काल एक चुकीचा पडला तर आई खूप ओरडली. आमच्याकडे मोठी कात्री पण आहे.'"

मी हसले. ते चुकलं. मोठ्या बाई खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या.

बीजगणित, फेरपरीक्षा, शिवणशाळा, सगळं सांगून मोठ्या बाईंचा रंग जागेवर यायला वीस मिनिटं लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "आपल्या पुस्तकवाल्यांना दुसरा शब्दच मिळाला नाही का हो?" हा प्रश्न मला इतका पटला, की मी घरी येऊन सासूबाईंना सांगितला. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघी एका गोष्टीवर हसलो. मग मी वही उघडली आणि हसू संपलं.

याच सुमारास फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली. खिडकी क्रमांक तीन. आमच्यामागे बरीच रांग.

"पालकांची सही राहिली," कारकून मान वर न करता म्हणाला.

"विद्यार्थिनी अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत."

"असतील. रकाना रिकामा राहिला की मशीन फॉर्म परत टाकतं."

"त्यांचे आई-वडील आता नाहीत. मिस्टरही नाहीत."

"मुलगा?"

"तो कॉमर्सचा आहे," सासूबाई म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या निकालाच्या सुरात सांगितलं, की कारकुनाने तो मुद्दा सोडूनच दिला.

"मग यांना सांभाळतं कोण?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कोण कोणाला सांभाळतं हा वाद सहा वर्षं अनिर्णित आहे. मी साक्षीपुरावे गोळा करूनच ठेवलेत, त्यांनीही ठेवले असणार. मला वाटलं आता त्या खिडकीसमोर सुनावणी होणार.

"ही सांभाळते," सासूबाई म्हणाल्या. "हिचं नाव लिहा. तशीही ओरडते आईसारखीच."

मी सही केली. कारकुनाने यादी वरखाली केली. "नात्यात सून हा पर्याय नाही. आई आहे, वडील आहेत, काका, मामा आहेत." मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, टाका काहीतरी!" आणि त्याने काहीतरी टाकलं.

काय टाकलं ते हॉलतिकीट आल्यावर कळलं. माझं नाव, आणि पुढे, नाते : आई.

मी धावत खिडकी तीनवर. "दुरुस्त होईल की," कारकून म्हणाला. "अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोघींचे जन्मदाखले. हॉलतिकीट दुरुस्तीला जाईल. परीक्षेपर्यंत परत येईल, किंवा न येईल." दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवल्यावर आई मुलीपेक्षा सव्वीस वर्षांनी लहान निघणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी हॉलतिकीट घडी घालून पर्समध्ये टाकलं. सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी ते खालपासून वरपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "मग आता रात्री पाय चेपून द्यायला नको म्हणू नकोस. आई कधी नाही म्हणत नाही."

आता कापडाचं सांगते. हे सांगायला मला लाज वाटते, आणि थोडा गर्वही, म्हणून पटकन सांगून टाकते.

माझ्या मुलीची खेळायची गादी तीन फूट लांब, तीन फूट रुंद. तिचे पाय बाहेर यायला लागले म्हणून आम्ही चार बाय चारची नवी गादी आणली. जुनी खोळ हत्तींची. नवी खोळ नको, हत्तीच हवेत, असा मुलीचा हट्ट. म्हणजे त्याच छापाचं कापड आणून जुनी खोळ वाढवायची. "किती आणायचं ते मी सांगते," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा," मी म्हटलं. मला उदाहरण मिळालं होतं. जिवंत उदाहरण! "आज माप बीजगणित सांगेल. अ म्हणजे तीन, ब म्हणजे वाढीव एक." मी पर्स उचलली, मुलीला उचललं, आणि जिना उतरता उतरता तोंडी हिशोब केला : तिनाचा वर्ग नऊ, एकाचा वर्ग एक. नऊ आहे घरी. आणायचं एक.

दुकानदाराने हत्तींचा गठ्ठा उलगडला. "किती देऊ ताई?"

"एक फूट बाय एक फूट."

त्याने गठ्ठा पुन्हा गुंडाळायला घेतला. "नमुना पाहिजे होय? मग तसं सांगा. नमुन्याचं काही पडत नाही."

"नमुना नाही. खोळ वाढवायची आहे. हिशोब केलाय," मी म्हटलं. शिक्षित माणसाने दुकानात ठाम असावं. त्याने एक हत्ती आणि दुसऱ्याचा मागचा पाय असलेला तुकडा मला फुकट दिला, आणि मी जाईपर्यंत माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं, ज्या नजरेने आपण दुसऱ्याच्या आजारी मुलाकडे पाहतो.

घरी सासूबाईंनी जुनी खोळ नव्या गादीवर पसरली, एका कोपऱ्याला नीट लावून. वरच्या बाजूला फूटभर गादी उघडी. उजव्या बाजूला फूटभर उघडी. त्यांनी माझा तुकडा घेतला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला. तो तिथे चपखल बसला. बाकी दोन्ही बाजू उघड्याच.

"हा कोपरा झाला," त्या म्हणाल्या. "पट्ट्या कुठायत?"

मी पर्स उघडून पुन्हा पाहिली.

"एक पट्टी वर, तीन बाय एक. एक पट्टी बाजूला, तीन बाय एक. दोन पट्ट्या आणि एक कोपरा. कापड दोन्हीकडून वाढवायचं तर एवढं लागतंच. आमच्या शिवणात नवशिक्या मुली कोपरा विसरतात. तू तर दोन्ही पट्ट्या विसरलीस!" आणि तो फूटभर तुकडा चिमटीत धरून त्यांनी माझ्यासमोर नाचवला. "हा बघा, बी.एस्सी.चा पहिला वर्ग!"

एकाचा वर्ग एकच.

माझं तोंड आपोआप हललं. "तीन गुणिले एक," मी पुटपुटले. "दोनदा. आई... दोन अब."

"काय?"

"दोन अब. अ लांब, ब रुंद. दोन पट्ट्या. हेच ते."

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू जमिनीवर बसल्या. वरच्या पट्टीच्या रिकाम्या जागेवर त्यांनी तळवा फिरवला. मग बाजूच्या.

"हे होय ते अब!" त्या म्हणाल्या. "अगं, मग आधी बोलायचं नाही का? ह्यांना तर मी तीस वर्षं ओळखते!"

त्या उठल्या, वही काढली. जिथे मी लाल पेनाने तीन वेळा गोल केला होता, त्याखाली निळ्या पेनाने लिहिलं : "पट्ट्या विसरू नयेत." आणि खाली, जरा बारीक अक्षरात : "सूनबाईनेही."

दुसऱ्या दिवसापासून टेबलाच्या डोक्याशी त्या बसल्या आणि बाजूला मी. कातरणांची पिशवी बाहेर आली. मोठा चौकोन म्हणजे क्ष². त्याच्याच लांबीची, बोटभर रुंद पट्टी म्हणजे क्ष. बोटभर चौकोनी तुकडा म्हणजे एक. "क्ष किती ते विचारायचं नाही," त्या मला बजावू लागल्या, "गिऱ्हाईक अजून यायचंय."

३क्ष² आणि २क्ष? "तीन चादरी आणि दोन पट्ट्या म्हणजे पाच काय? पाच नग! नग धोबी मोजतो, शिंपी नाही मोजत." माझी सरूप पदं अशी एका धोब्याने निकालात काढली. क्ष अधिक क्ष म्हणजे पट्टीला पट्टी जोडली, लांबी वाढली. क्ष गुणिले क्ष म्हणजे दोन्हीकडून क्ष, कापड झालं. क्ष³ म्हणजे चौकोनी गिरदी, लांब-रुंद तितकीच उंच. क्ष⁴ आला तेव्हा त्या बराच वेळ पिशवीत हात घालून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्याचं माप कुठून घ्यायचं ते मला माहीत नाही. ह्याला कुणी शिंपी नाही. हा मी तुझ्यावर विश्वास ठेवून करते." सहा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. क्षच्या चौथ्या घाताचे मी जन्मभर उपकार मानीन.

आणि अवयव? "पाडायचं कसलं त्यात! उसवायचं. हे कुणीतरी शिवून ठेवलंय, कुठल्या दोन बाजू धरून शिवलंय ते शोधायचं." क्ष² + ५क्ष + ६ : एक चौकोन, पाच पट्ट्या, सहा तुकडे, काही उरता कामा नये, कुठे भोक पडता कामा नये. त्यांनी तीन पट्ट्या वर लावल्या, दोन बाजूला. कोपऱ्यात भोक राहिलं, तीन बाय दोन. सहा तुकडे बरोबर बसले. एक बाजू क्ष अधिक तीन, दुसरी क्ष अधिक दोन. ज्या कोपऱ्याला नवशिक्या मुली विसरतात, त्या कोपऱ्यानेच सगळं सांगितलं.

परीक्षेआधी आठवडाभर शाळेत फेरपरीक्षेवाल्यांचा सराववर्ग असतो, आणि पालकांना एक प्रश्नावली भरावी लागते. "आपला पाल्य घरी उलट बोलतो का?" मी पेन थांबवलं. शेजारून सासूबाई म्हणाल्या, "लिही, लिही. खरं काय ते लिही." मी "क्वचित" लिहिलं. खोटं लिहायचं तर पाल्यासाठीच लिहावं.

वर्ग सुरू झाला तेव्हा मी व्हरांड्यात खिडकीशी उभी होते. पालकांनी थांबू नये असं तिथेही लिहिलं होतं. गणिताच्या मॅडमनी फळ्यावर इंग्रजी अक्षरात लिहिलं, सासूबाईंच्या भाषेत : क्ष² + ७क्ष + १२. "करा." चाळीस माना खाली गेल्या. एक वर राहिली.

"तीन आणि चार," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, अंदाजाने नाही चालत," मॅडम म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या, थकलेल्या होत्या. "रीत लागते."

"रीत आहे की," म्हणत सासूबाईंनी पिशवी काढली आणि मॅडमचं टेबल मोकळं करायला लावलं. चौकोन ठेवला. चार पट्ट्या वर, तीन बाजूला, कोपऱ्यात बारा तुकडे, चार ओळी तीनच्या. शेवटचा तुकडा बसला तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघत होती. एक मुलगी म्हणाली, "आजी, परत एकदा. सावकाश." मॅडम खुर्ची सोडून बाजूला झाल्या, आणि सासूबाई खडू न घेता, हातात कातरणं घेऊन, चाळीस मुलांना शिकवत राहिल्या.

माझे डोळे भरून आले. बालवाडीच्या पहिल्या दिवशी माझी मुलगी न रडता आत गेली तेव्हा आले होते, तसेच. बाजूने शिपाई जात होता. तो म्हणाला, "कोण तुमच्या?" मी म्हटलं, "हॉलतिकिटावर बघा."

कातरणं परीक्षेत न्यायला परवानगी आहे का, हे विचारायला मी पुन्हा खिडकी तीनवर गेले होते. "नियमात कंपासपेटी आहे, कापड नाही," कारकून म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "रुमाल चालतो." मी घरी येऊन सासूबाईंना सुचवलं, की एक रुमाल तसाच तुकडे जोडून शिवला तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य खोकल्यात बदललं. "मी तीस वर्षं एकाही गिऱ्हाइकाचं कापड मारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता परीक्षेत चोरी करू? बोटं आहेत माझी." तेव्हापासून त्या बाकावर बोटांनीच कापतात. पहिली दोन बोटं कात्रीसारखी चालतात, हवेत, आवाज न करता.

आज सकाळी मी तीन पेनं, दोन पेन्सिली, गुडघ्याची गोळी आणि पाण्याची बाटली दिली. बाटली गळत नाही ना, हे चारदा उलटी करून पाहिलं. फाटकात त्या थांबल्या.

"अगं, एक राहिलं. वजा असेल तर? अ-वर्ग वजा ब-वर्ग. वजा कापडात कसं आणायचं?"

"आई, सूत्र आहे, अ अधिक ब कंसात, अ वजा ब..."

"सूत्र नको गं. कापड सांग."

घंटा झाली. शिपायाने फाटक लोटलं. त्या वळून वळून माझ्याकडे बघत आत गेल्या आणि मला काहीही सांगता आलं नाही. बी.एस्सी., पहिला वर्ग.

गेला तासभर या कट्ट्यावर बसून मी एका जाहिरातीच्या कागदाचे तुकडे करते आहे. आत्ता जमलं. मोठ्या चौकोनाचा एक कोपरा कापून टाकायचा, तेच ते वजा. उरतं ते एक वाकडं कापड. कोपऱ्याशेजारचा उभा तुकडा कापायचा, आडवा करायचा आणि टोकाला जोडायचा. सरळ पट्टा होतो. लांबी अ अधिक ब, रुंदी अ वजा ब. काही वाया जात नाही. मला कळलंय, म्हणजे तिला तर केव्हाच कळलं असेल. वाकड्या कापडातून सरळ काढायचं हेच तर ती तीस वर्षं करते. असेल ना कळलं?

तुमच्यापैकी कुणाला आत जाता येत असेल, पाणी द्यायला, घंटा द्यायला, कशालाही, तर एक काम कराल? खोली क्रमांक सात, खिडकीजवळचा तिसरा बाक. चष्मा, पांढरे केस, बाजूला निळी बाटली. सांगू काही नका, ती चोरी होईल आणि ती मला कधी माफ करणार नाही. नुसतं बघा. पाणी प्यायलीय का. गुडघा दुखतोय का. आणि उजव्या हाताची दोन बोटं बाकावर कात्रीसारखी चालतायत का.

चालत असतील तर येताना मला फक्त मान हलवा. मी इथेच आहे, फाटकाबाहेर. विचारलंच कुणी, तर तिची आई आहे म्हणून सांगा.